पेट्रेआच्या शेजारची जागा

जवाचा दाणा उभा चिरला की एका टोकाशी त्याचा गर्भ दिसतो. लांबी दोन मिलिमीटर, फार तर अडीच. चिरलेला अर्धा भाग द्रावणात बुडवून काही तास अंधारात ठेवायचा. जिथे जीव असतो तिथे लाल रंग चढतो, नसतो तिथे दाणा फिकट राहतो. मार्गिटच्या भिंगाखाली आत्ता जो होता त्याची अंकुराकडची बाजू गडद लाल होती आणि मुळाकडचं टोक पांढरं. पांढरा भाग एक तृतीयांशाहून जास्त असेल तर दाणा मेलेला धरायचा, असा नियम. हा नेमका रेषेवर होता. तिने भिंग थोडं वर केलं, पुन्हा खाली आणलं. बियाणं तपासायच्या या प्रयोगशाळेत तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं आणि रेषेवरचे दाणे तिला नवे नव्हते. अशा वेळी ती मनाला विचारत नसे, पट्टीला विचारत असे. तरी आज हात थांबला. जिवंत आहे का हे कळायला दाणा चिरावा लागतो, आणि जिवंत ठरला तरी मग तो केराच्याच डब्यात जातो, ही गोष्ट तिला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणी सांगितल्यासारखी वाटली. तेवढ्यात फोन वाजला.

"मार्गिट क्विस्ट ना? मी अंत्यविधीच्या कचेरीतून बोलतोय. तुमच्या आईंचा अस्थिकलश अजून आमच्याकडेच आहे." आवाज तरुण होता, सर्दी झालेला.

"हो."

"दोन वर्षं होऊन गेली. आम्ही दोनदा कळवलं होतं."

"मिळालं मला."

"झालंय काय, ईस्टरनंतर ती खोली रंगवायला काढतोय. कपाट रिकामं करायचंय. कलश कुठे ठेवायचा ते मंगळवारपर्यंत सांगितलंत तर बरं. नाहीतर मग आम्ही हिरवळीखाली पुरतो, निनावी. छान जागा आहे हो. लोक मुद्दाम मागून घेतात. माझी आजीसुद्धा तिथेच आहे."

"कळवते मी."

"मागच्या वेळीही असंच म्हणाला होतात," तो म्हणाला, आणि मग आपणच ओशाळून, "म्हणजे, सावकाश कळवा. मंगळवारपर्यंत."

तिने फोन ठेवला, भिंगाशी परत गेली आणि दाणा मेलेल्यांत धरला. मग तिच्या लक्षात आलं, तिने पट्टी लावलीच नव्हती.

गुड फ्रायडेला डेन्मार्कातलं हे ऑर्हुस शहर रिकामं असतं. ती बंदरापर्यंत चालत गेली आणि परत आली. वाऱ्याला डिझेलचा वास होता. कपाटात. आई कपाटात आहे हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण आजवर ती मनात 'तिकडे' एवढंच म्हणत आली होती. 'तिकडे'ला दार नसतं, रंग द्यावा लागत नाही. आता आईला एक फळी मिळाली होती, शेजारी आणखी कोणाकोणाचे बेवारशी कलश, आणि आईचा स्वभाव असा की एव्हाना तिने त्या सगळ्यांची चौकशी करून घेतली असती: तुमचं गाव कुठलं, तुम्हाला कोणी न्यायला का आलं नाही, माझ्या मुलीला ना, वेळच मिळत नाही. हे असं ऐकू येई तेव्हा मार्गिट पाय उचलून चालायला लागे.

आई, एल्ना, बंधुसमाज या जुन्या ख्रिस्ती पंथाच्या गावातली. दक्षिणेकडे, कोल्डिंगच्या पलीकडे, पिवळ्या विटांच्या सरळ घरांचं गाव. सगळी घरं जणू एकाच दिवशी एकाच माणसाने आखलेली. तिथे दफनभूमीला दफनभूमी म्हणत नाहीत, देवाचं शेत म्हणतात. लिंडनच्या झाडांखाली चौकोनी सपाट दगड, सगळे एका मापाचे, श्रीमंताचा मोठा आणि गरिबाचा लहान असं नाही. एका बाजूला बंधू, दुसऱ्या बाजूला भगिनी. नवरा-बायकोसुद्धा शेजारी नाहीत. जो ज्या क्रमाने गेला त्या क्रमाने त्याची जागा, दगडावर पुढचा आकडा. शेजारी कोण हे कोणालाच निवडता येत नाही. "वर्गात बसवतात तसं," लहानपणी मार्गिट म्हणाली होती, आणि आई म्हणाली होती, "वर्गात नव्हे गं, वाफ्यात." पेरायचं ते ओळीत पेरायचं. एक दिवस मालक येणार, आणि सगळी ओळ एकदम उगवणार. उगवणार म्हणजे धुक्यासारखं वर तरंगणार नाही, हेही आई बजावून सांगे. हीच जमीन, हीच समुद्राची खाडी, हीच बीच वृक्षांची राई, फक्त नवी केलेली. रडणं नाही, मरण नाही, आणि देव स्वतः शेजारी राहायला आलेला. "माझे गुडघे दुखणार नाहीत, पण भांडी मी घासणारच," आई म्हणे. तिची मैत्रीण एबा, समाजाच्या वाद्यमंडळात कर्णा वाजवणारी, तिला टोचायची, "तिथे भांडी कशाला असतील?" "मेजवानी आहे ना? मग खरकटं असणारच." दोघींचा आणखी एक जुना वाद होता, नव्या सृष्टीत गांधीलमाश्या असतील की नाही. एबा म्हणे, नसतील. आई म्हणे, असतील, पण त्यांना चावायचं कारण उरणार नाही.

चौदाव्या वर्षी मार्गिटने तो वाफा उखडला होता. जेवणाच्या टेबलावर, शाळेच्या पुस्तकातलं नवंकोरं ज्ञान घेऊन. "आई, पेरलेलं बी मरत नाही. मेलेलं बी उगवतच नाही. बी जिवंत असतं म्हणून उगवतं. बी मेल्यावरच उगवतं म्हणणाऱ्या तुमच्या पाळकांना सांग." बाबा हसले होते. आई काळ्या पावाला लोणी लावत होती, तिने सुरी बाजूला ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असं होय? मग बरंच आहे की. म्हणजे आम्ही वाटतो तेवढे मेलेले नसू." तेव्हा मार्गिटला वाटलं होतं, आई हरली आणि तिला ते कळलंही नाही. पुढची कित्येक वर्षं आईशी बोलताना तिचा हाच समज होता. शहरात शिकायला आली, इथेच नोकरीला लागली. ईस्टरला गावी जाई तेव्हा पहाटे सगळ्यांबरोबर शेतात उभी राही, पण पाळक 'प्रभू उठला आहे' अशी हाक देत आणि सगळा समाज 'खरोखर उठला आहे' असं एका वाक्यात उत्तर देई, तेव्हा ती ओठ मिटून घेई. खोटं बोलायचं नाही, एवढंच तिचं म्हणणं. आई शेजारून मोठ्याने उत्तर देई, जरा जास्तच मोठ्याने, जणू दोघींच्या वाटचं.

आणि मग इस्पितळ. आईला शहरात आणलं होतं, कारण इथे उपचार चांगले होते आणि मार्गिट इथे होती. खिडकीतून वाहनतळ दिसे. तिसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी आईने विचारलं, अगदी साधेपणाने, आमटीत मीठ किती घालू विचारावं तसं, "तू शिकलेली आहेस. खरं सांग. माझ्यातलं उरतं काय?" मार्गिट थकली होती. प्रयोगशाळेतून थेट आलेली, हातमोज्यांच्या पावडरीने बोटं कोरडी पडलेली. आणि आईने खरं सांग म्हटलं होतं. तिने सांगितलं. पेशी कशा फुटतात, कार्बन कुठे जातो, फॉस्फरस मातीत किती वर्षं राहतो. नीट, सोप्या शब्दांत, काहीही न वाढवता. शेवटी म्हणाली, "काहीच उरत नाही असं नाही, आई. पण तू उरत नाहीस." आई तिच्याकडे बघत राहिली. मग वाहनतळाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाणी दे जरा." मार्गिटने पाणी दिलं. पेल्याची कड आईच्या दातांवर वाजली. त्यानंतर आईने तिच्यासमोर गाणं म्हटलं नाही, हात जोडले नाहीत, नव्या सृष्टीचा शब्द काढला नाही. हवामानाबद्दल बोलली, नर्सच्या लग्नाबद्दल बोलली. पुढच्या आठवड्यात गेली, तेव्हा मार्गिट भिंगावर वाकलेली होती.

कचेरीत विचारलं, दफन की दहन. आईने कधी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच काय, तिच्या गावात हे कोण विचारतं. अख्खं पेरायचं, मापाच्या खड्ड्यात, हे इतकं उघड होतं की ते बोलण्याचा विषयच नव्हता. मार्गिटला ते ठाऊक होतं. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तिला ते पुरेपूर ठाऊक होतं. आणि तिने 'दहन' म्हटलं. शहरात सगळे तेच करतात. जानेवारी होता, जमीन गोठलेली, गाव लांब, परिषदेला जायचं होतं. कारणं खरी होती, एकूण एक खरी. पण नंतर कधी दात घासताना, कधी सिग्नलला थांबलेली असताना, त्या कारणांच्या खालून दुसरंच काही वर येई: आपलं म्हणणं खरं करून दाखवायला तर नाही? तू उरत नाहीस, म्हणाले. घे, नाही उरलीस. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. गावाला कळवलं ते फक्त आई गेल्याचं. एबाने फोनवर विचारलं, "कधी आणतेस तिला?" मार्गिट म्हणाली, कळवते. तेव्हापासून ती सगळ्यांना हेच म्हणत आली होती.

शनिवारी सकाळी ती कोल्डिंगच्या गाडीत बसली. ठरवून बसली असं म्हणता येणार नाही. पुढे बसने गाव. थांब्यावर उतरली तेव्हा मधाच्या केकचा वास आला आणि तिला लाज वाटली, भूक लागल्याची.

ईस्टरच्या आदल्या दिवशी देवाच्या शेतात दगड घासतात. बादल्या, ब्रश, पोत्यावर टेकलेले गुडघे. म्हातारे, मुलं, सगळे. कोणी आपल्याच माणसाचा दगड शोधत नाही, समोर येईल तो घासायचा. तरीही मार्गिट आधी बंधूंच्या बाजूला जाऊन बाबांचा दगड पाहून आली. स्वच्छ होता. कोणीतरी उगवतीलाच येऊन गेलं असावं. भगिनींच्या बाजूला एबा दिसली: बाकावर बसलेली, डोक्याला रुमाल, हाताखालच्या बायकांना जोरजोरात सूचना देणारी.

"अगोबाई, शहर आलं!" एबा म्हणाली. "ये. बघत काय उभी राहिलीस, ब्रश घे. माझ्या कमरेने राजीनामा दिलाय. ती शेवटची ओळ राहिलीय बघ."

"एबामावशी, तुम्ही कशा—"

"मी कशी ते दगड घासून झाल्यावर विचार. मोठं उत्तर आहे."

शेवटची ओळ नव्या दगडांची. मार्गिटने पोतं टाकलं, गुडघे टेकले. पाणी थंडगार होतं. शेवाळाची पुटकुळी ब्रशने निघत नाही, नखाने काढावी लागते. पाचसहा मिलिमीटरची, करडी, कडेला जरा हिरवट. ती एकेक काढत गेली, अक्षरांच्या खाचांतून काडी फिरवत गेली, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या डोक्यात काहीच नव्हतं. पेट्रेआ नावाचा दगड आला. पेट्रेआ आईच्या शाळेतली, आईच्या आधी चार दिवस गेलेली. ती बातमी आईला सांगितली नव्हती. तो घासून ती बाजूला सरकली, ब्रश टेकवला, आणि ब्रशाखाली गवत लागलं. पुढचा दगड होता, पण लांब होता. मध्ये गवताचा एक तुकडा होता, नीट कापलेला, लांबीरुंदीला बरोबर एका माणसाएवढा. तिने पेट्रेआच्या दगडावरचा आकडा पाहिला. मग पलीकडच्या दगडावरचा. मधला एक गळला होता.

प्रथम तिला वाटलं, चूक. आखणाऱ्याची चूक. मग वाटलं, या गावात अशी चूक होत नाही. अडीचशे वर्षं झाली असतील, या ओळीत कोणी कधी अंतर चुकलं नाही. मग पलीकडच्या दगडावरची तारीख तिने वाचली. योहाने कोणीतरी. आईनंतर तीन आठवड्यांनी. तिच्या हातातल्या ब्रशमधून पाणी गळून पोत्यात मुरत राहिलं. योहानेच्या पलीकडे आणखी दगड होते, त्यानंतरच्या दोन वर्षांतले. आणि त्या प्रत्येक वेळी कोणीतरी खड्डा खणायला इथे आलं असेल, फावडं टेकवून उभं राहिलं असेल, आणि या तुकड्यावरून पुढे गेलं असेल.

ती उठून बाकाकडे गेली. गुडघ्यांवर ओले गोल डाग.

"मावशी, तिथे एक जागा..."

"एल्नाची," एबा म्हणाली. ती थर्मासमधून कॉफी ओतत होती, आणि ओतायची थांबली नाही.

"कोणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? खणणाऱ्याने विचारलं, योहानेला कुठे घेऊ? आम्ही म्हटलं, एक सोडून."

"पण क्रम मोडायचा नसतो ना तुमच्यात."

"मोडला कुठे? तुझी आई आधी गेली. तिचा नंबर आधी." एबाने कप तिच्या हातात दिला. "उशीर तिने नाही केलेला."

कॉफी फार गरम होती. मार्गिट ती तशीच प्यायली. बोलायला हवं होतं, आणि तिला जे बोलायचं होतं ते आकाराने इतकं लहान होतं की सांगायची लाज वाटत होती. तरी तिने बोलायला सुरुवात केली. "तिथे माणसाएवढी जागा ठेवलीत. माझ्याकडे माणसाएवढं काही नाही. मी तिला... ती एवढी आहे." तिने कपाच्या दोन्ही बाजूंना हात धरून दाखवलं. "तिला विचारलं नाही. ठाऊक असून केलं."

एबाने थर्मासचं झाकण लावलं. लांब कोणाची तरी बादली कलंडली, मुलं ओरडली. एबाचा चेहरा क्षणभर खरोखर म्हातारा दिसला. ती दुखावली होती. ते तिने लपवलं नाही. "तिला अख्खं यायचं होतं," ती म्हणाली.

"हो."

"मला वाटलंच होतं. नाहीतर इतका वेळ कोण लावतं?" मग बराच वेळ ती रुमालाची गाठ सोडत, बांधत राहिली. "इस्पितळातून फोन केला होता तिने मला. शेवटच्या रविवारी. म्हणाली, एबा, माझ्या मुलीने सगळं समजावून सांगितलं. काही म्हणजे काही उरत नाही म्हणे."

मार्गिटला वाहनतळ दिसला. पेल्याची कड.

"मी म्हटलं, मग गं? तर म्हणाली, मग काय, देवाला पहिल्यापासून करावं लागेल. पहिल्या वेळीही त्याच्याकडे काही नव्हतंच. आणि हसली. तुला ठाऊक आहे कशी हसायची ती, खोकल्यासारखी. म्हणाली, पोरीसमोर आता काही बोलत नाही मी, ती उगीच मनाला लावून घेते. खरं तेच सांगितलंन आणि तोंड बघ तिचं, जसं काही तिनेच मला मारलं."

हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. मार्गिट वाट पाहत राहिली, पण हलकं वाटलं नाही. इतके दिवस तिची समजूत होती की आपण आईची आशा हिरावून घेतली. तो गुन्हा मोठा होता, त्यात निदान आपण मोठे होतो. आता तोही हातातून गेला. आशा जशीच्या तशी होती, तिला ओरखडाही गेला नव्हता. आणि मरणाऱ्या बाईने आपल्या मुलीला जपण्यासाठी शेवटचे आठ दिवस हवामानावर काढले होते, एकटीने. गाणं तिने देवाला सोडल्यामुळे थांबलं नव्हतं. मार्गिटसाठी थांबलं होतं. आणि मार्गिटने तिला एका फळीवर ठेवलं होतं.

ती ओळीकडे परत गेली आणि राहिलेले दगड घासले. त्या गवताच्या तुकड्याला कडेने वळसा घालून गेली, त्यावर पाय पडू दिला नाही.

एबाकडेच ती झोपली. अंधार विरळ व्हायच्या आत गाव उठलं होतं. दारांचे आवाज, बुटांचे आवाज, कोणी फारसं बोलत नाही. कांद्याच्या सालीत उकडलेल्या तपकिरी अंड्यांचा वास जिन्यात होता. एबा कर्णा कोटाच्या आत धरून चालत होती. "तोंडाशी गार लागला तर पहिला सूर म्हशीसारखा निघतो," ती म्हणाली. "गेल्या वर्षी निघाला. मेलेले दचकले असतील." शेतात लोक दगडांच्या ओळींभोवती उभे राहिले, बंधू आणि भगिनी आता मिसळून. पूर्वेला लिंडनच्या फांद्यांमागे आकाश आधी करडं, मग कच्च्या जवाच्या रंगाचं. घासलेले दगड ओले होते आणि एकेक करून उजळत चालले होते. मार्गिट शेवटच्या ओळीशी होती. पाळकांनी हाक दिली. सगळ्यांनी उत्तर दिलं, ते एक वाक्य, शेकडो वर्षं तेच. तिच्या डाव्या बाजूने, उजव्या बाजूने ते आलं. समोरच्या रिकाम्या तुकड्यावर मात्र कोणी नव्हतं, तिथून जरा जास्तच मोठ्याने येणारा आवाज आला नाही. तिचे ओठ उघडले होते. वाक्य आलं नाही. तिने ते ओढून आणलं नाही. आईला खोटं आवडलं नसतं. तिने गवताकडे पाहिलं. पात्यांवर दव होतं, आणि मध्यावर एका ठिकाणी गेल्या शरदातलं लिंडनचं बी पडलं होतं. जिवंत की मेलेलं, ते न चिरता सांगता येणार नव्हतं. तिने ते उचललं नाही.

पहिला सूर म्हशीसारखा निघाला नाही. कर्णे वाजले, थांबले, सूर्याची कड वर आली, लोक एकमेकांचे हात हातात घेऊ लागले. एबा कर्ण्यातलं पाणी झटकत तिच्याजवळ आली. शुभेच्छा देण्यासाठी तिने तोंड उघडलं, पण मार्गिट आधी बोलली. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा आला, ओळीतल्या आणखी तिघी-चौघींनी वळून पाहिलं, आणि तो तिने कमी केला नाही.

"मावशी, मंगळवारी मी आईला घेऊन येते. खणणाऱ्याला सांगून ठेवा, खड्डा अख्ख्या मापाचा हवा."